भुशाचा हिशेब

पांढरकवडा किंवा पुसद वनविभागात सागाचे झाड तोडायचे ठरले की त्याच्याभोवती कागदांचा गराडा पडतो. झाडावर हातोड्याचा शिक्का उमटतो, क्रमांक पडतो, ओंडक्याची लांबी आणि गोलाई मोजून घनमीटर काढले जातात, आगारात थप्प्या लागतात, लिलाव होतो, वाहतुकीचा परवाना निघतो आणि माल आरागिरणीत पोचला की गोल लाकूड किती आले, चिराण किती निघाले याची नोंदवही भरावी लागते. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, तेव्हापासून विनापरवाना आरागिरण्यांवर गदा आली. लाकडाच्या हिशेबात सरकार किती काटेकोर असू शकते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कोणत्याही परवानाधारक गिरणीची दप्तरे पाहावीत. आत गेलेले लाकूड आणि बाहेर आलेले चिराण यांच्यातला फरक म्हणजे घट. ती पाठी, फळ्यांचे तुकडे आणि भुसा यांच्या रूपाने बाहेर पडते, बरीचशी विकलीही जाते. तिचा एक अगदी बारीक हिस्सा मात्र गिरणीतल्या माणसांच्या नाकात जातो. त्याची नोंदवही कोणी ठेवत नाही.

हे पुस्तक त्या न नोंदलेल्या हिश्शाविषयी आहे. लाकूड कापताना, रंधताना, घासताना उडणारी धूळ आणि तिच्यासोबत हवेत मिसळणारी प्लायमधल्या डिंकाची, पॉलिशची, थिनरची वाफ हा त्याचा विषय. यवतमाळ जिल्हा नजरेसमोर ठेवून त्याचा विचार करण्याला कारण आहे. हा सागाचा मुलूख आहे. गावाच्या वेशीवर आरागिरणी, बाजारपेठेत फर्निचरची दुकाने, दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये सुतारकाम आणि नव्या घरांमध्ये आत बसूनच चालणारे प्लाय-सनमायक्याचे काम, हे चित्र यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड असे कुठेही दिसते. पुस्तकात मोजमाप, यंत्रे, आजार, कायदा असे अनेक धागे असले तरी मला त्यातून एकच मुद्दा पुढे मांडायचा आहे. श्वासातून शरीरात शिरणारे विष जिथे निर्माण होते तिथेच धरावे लागते. ते एकदा हवेत सुटू दिले आणि मग कामगाराच्या नाकाशी अडवायचे म्हटले, की ते हुकते आणि दोष कामगारावर येतो. दुर्दैवाने हे पटवायला यवतमाळकरांना बाहेरचा दाखला लागत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती झाले. उलट्या, गरगरणे, झटके, काहींच्या डोळ्यांपुढे दाटलेला अंधार, अशी लक्षणे घेऊन माणसे येत होती. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. त्या काळात जी कारणे चर्चेत आली ती आठवून पाहावीत : कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट आणि कोंदट, बारीक तुषार उडवणारे यांत्रिक पंप, दोन-तीन औषधे एकत्र करून मारणे, आणि अंगावर संरक्षक कपडे नसणे. यांपैकी लोकांच्या तोंडी शेवटचे कारण टिकले. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, म्हणून असे झाले. पण रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात जाणारा मजूर बियाण्याचे वाण ठरवत नाही, पंप निवडत नाही, कोणते औषध कशात मिसळायचे हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या हातात जे एकच होते, त्याच्यावर सगळ्याचा भार टाकला गेला. आणि सरकारला खरोखरच काही थांबवायचे होते तेव्हा त्याने काय केले? नोव्हेंबर २०१७ मध्ये पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. म्हणजे हात घातला तो उगमालाच. पुढे २०२१ मध्ये हे प्रकरण थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयात गेले, कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीने आरोप नाकारले. निकाल काहीही लागो, उगमाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न निदान विचारला गेला.

फवारणीचा आणि लाकडाच्या धुळीचा संबंध काय, असे वाचक विचारील. पहिला संबंध फरकाचा आहे. फवारणीचे विष काही तासांत माणूस आडवा करते. म्हणून त्याची बातमी होते, पथक येते, बंदी येते. आपले कायदेही बहुतेक असेच जन्मले आहेत. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे गेली, त्यातून कीटकनाशक अधिनियम १९६८ आला. १९८४ मध्ये भोपाळ घडले, त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी अधिनियमात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आणि हवेतल्या रसायनांच्या कमाल मर्यादांची अनुसूची घालण्यात आली. लाकडाच्या धुळीने असा एकही दिवस कधी दिलेला नाही आणि देणारही नाही. ती वीस, तीस, चाळीस वर्षे घेते. तोवर शेड बदललेली असते, मालक बदललेला असतो, कामगार घरी बसलेला असतो. दुसरा संबंध साम्याचा आहे : दोन्ही ठिकाणी मास्कचे नाव घेतले की चर्चा संपते. म्हणून २०१७ चा धडा आरागिरणीपर्यंत नेणे मला आवश्यक वाटते.

लाकडाची धूळ खरोखर इतकी वाईट आहे का, याचे उत्तर इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्या बनवणाऱ्या गावाने दिले. बकिंगहॅमशायरमधल्या या गावात पिढ्यान् पिढ्या लाकडी फर्निचरचा धंदा होता. १९६० च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या आतल्या पोकळीचा, ॲडिनोकार्सिनोमा नावाचा एरवी अतिशय दुर्मिळ कर्करोग आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे आणि येणारे बहुतेक फर्निचर कारखान्यांतले कामगार आहेत. ॲचेसन, कॉडेल आणि मॅकबेथ यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत या कामगारांमध्ये तो रोग शेकडो पटींनी जास्त होता. कामाला लागल्यापासून रोग कळेपर्यंतचे अंतर चाळीस वर्षांच्या आसपास. १९६९ मध्ये ब्रिटनने तो व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. पुढे नाकातल्या सूक्ष्म केसांचे काम मोजले गेले. नाकाच्या आत श्लेष्मा सतत मागे सरकवत राहणारी एक व्यवस्था असते, ती धूळ घशाकडे ढकलते आणि आपण नकळत गिळून टाकतो. सुतारकाम करणाऱ्यांमध्ये ही व्यवस्था मंदावलेली आढळली. म्हणजे धूळ येते आणि तिथेच बसून राहते. वरवर किरकोळ वाटणारे हे निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण नाक हा शरीराचा पहिला गाळणा आहे आणि आपण तोच निकामी करत असतो.

१९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकले. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी या गटात असतात, ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर तिथेच आहेत. सर्वांत पक्का पुरावा रुंदपानी झाडांच्या लाकडाबाबत आहे, आणि साग, शिसम, बिजा, धावडा, ऐन, बाभूळ ही आपली सगळी झाडे रुंदपानीच. युरोपीय संघाने अशा लाकडाच्या धुळीसाठी दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती, ती आधी ३ वर आणली आणि १८ जानेवारी २०२३ पासून २ वर. अमेरिकेच्या तज्ज्ञ संस्था १ मिलिग्रॅमची शिफारस करतात. आकडे लहान वाटतात, म्हणून थोडा हिशेब करावा. आठ तासांच्या पाळीत काम करणारा माणूस साधारण १० घनमीटर हवा श्वासात घेतो. हवेत ५ मिलिग्रॅम धूळ असेल तर दिवसाला ५० मिलिग्रॅम, वर्षात ३०० दिवस काम धरले तर १५ ग्रॅम, तीस वर्षांत ४५० ग्रॅम. जवळजवळ अर्धा किलो लाकूड नाकातोंडातून गेले. आणि ५ मिलिग्रॅमच्या हवेत धूळ डोळ्यांना फारशी जाणवतही नाही. सँडर चालू असताना तिरप्या उन्हात जो ढग दिसतो, तो यापलीकडचा असतो.

यावर हमखास येणारा पहिला आक्षेप असा, की लाकूड ही नैसर्गिक गोष्ट आहे, आमचे आजे-पणजे हेच काम करत म्हातारे झाले. आक्षेप घेणाऱ्याला उडवून लावू नये, कारण त्यात अर्धे सत्य आहे. बलुतेदारीतला सुतार वाकस, करवत, पटाशी आणि रंधा घेऊन अंगणात, झाडाखाली काम करत होता. हाताचा रंधा मारला की लाकडाची पातळ, गुंडाळलेली सालपटे निघतात, ती पायाशी पडतात. सालपट कोणाच्या नाकात जात नाही. हाताच्या करवतीचा भुसाही जाडसर, तो खाली बसतो. आता तेच काम मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते करते आणि शेवटचा हात सँडर मारतो. सँडरचा कागद आधी ८० नंबरचा, मग १२०, मग १८०, मग २२०. लाकूड जसजसे गुळगुळीत होते तसतशी धूळ बारीक होत जाते, म्हणजे गिऱ्हाइकाला हात फिरवून बघताना जी सफाई आवडते तीच हवेत सर्वांत जास्त वेळ तरंगणारी असते. यंत्राला मागे एक कापडी पिशवी असते. थोड्या वेळाने तिची छिद्रे बुजतात, धूळ कडेने सुटू लागते, मग कारागीर पिशवी काढून भिंतीवर आपटतो आणि गोळा झालेले सगळे परत हवेत जाते. संध्याकाळी कपडे आणि टेबल साफ करायला ब्लोअर मारला जातो. दिवसभरात खाली बसलेली धूळ त्या दोन मिनिटांत पुन्हा उठते. पणजोबांच्या धंद्याचे नाव तेवढे शिल्लक आहे, त्यातली हवा बदलली आहे.

हवा आणखी एका कारणाने बदलली. सागाची चौकट अजून बसते, पण कपाटे, दिवाण, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आता प्लाय आणि एमडीएफच्या असतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक दाबून केलेला तक्ता. तो कापला की धूळ तंतूंचीच निघते, सागाच्या भुशाहून कितीतरी बारीक, आणि तिच्यासोबत फॉर्मल्डिहाइड. बंद खोलीत नवा माल कापताना डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. फॉर्मल्डिहाइडलाही २००४ मध्ये त्याच पहिल्या गटात टाकण्यात आले. पॉलिशवाल्याच्या थिनरमध्ये टोल्युइन-झायलीनसारखी द्रावके असतात. त्यांनी डोके जड होते, गरगरते आणि वर्षानुवर्षे घेतली तर मज्जासंस्थेला धोका. चकचकीत पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते एकदा फुप्फुसाला डाचले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि अशा माणसाला ते काम सोडण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. सागाच्या लाकडातही अशी द्रव्ये आहेत ज्यांनी काहींच्या कातडीला खाज आणि पुरळ येते. शिसमाचे तसेच. या साऱ्याचा तपशील पुढील पानांत आहे. इथे एवढेच लक्षात घ्यावे की धूळ अडवणारा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, त्याला कोळशाचे गाळण लागते. एकाच शेडमध्ये एक जण घासतो आणि दुसरा फवारतो तेव्हा कोणता मास्क द्यायचा?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : रुग्ण कुठे आहेत? सुतारांना नाकाचा कर्करोग झाल्याचे आमच्याकडे कोणी ऐकले नाही. विदर्भात माणूस आजारी पडतो तो तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने आणि बिडीने. खर्ऱ्याचे पाप कमी लेखण्याचा माझा मुळीच इरादा नाही. तोंडाच्या कर्करोगाने या भागात जे थैमान घातले आहे त्यात त्याचा वाटा उघड आहे. पण खर्रा तोंडात असतो आणि हा रोग नाकाच्या वरच्या कोपऱ्यात, डोळ्यांच्या मधोमध होतो. तंबाखूशी त्याचे नाते क्षीण आणि लाकडाशी दाट. आता रुग्ण का दिसत नाहीत ते पाहू. मुळात रोग दुर्मिळ आहे. त्यातून ज्याला झाला तो नागपूरला जातो, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात किंवा आणखी कुठे. तिथे तो चार जिल्ह्यांतल्या रुग्णांमध्ये मिसळतो, आणि त्याच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' लिहिलेले असते. हाय विकमला हे उमगले ते तिथे धूळ जास्त होती म्हणूनच केवळ नव्हे; धंदा एका गावात एकवटलेला होता आणि त्या भागातली नाके तपासणारी डॉक्टर रुग्णाला तू काय काम करतोस असे विचारत होती. आपल्याकडे दमा झाला तर तो दमा, खोकला टिकला तर आधी क्षयाची तपासणी, आणि तीही योग्यच. पण सोमवारी वाढणारा आणि सुटीत कमी होणारा दमा कामाच्या जागेचा असू शकतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हे न विचारणे म्हणजे नियती नव्हे, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे, आणि तोही कापसाचा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा रोग केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांमध्ये तपासला, मोजला, छापला. गिरणगाव एका जागी होते, युनियन होती, कामगार विम्याचे दवाखाने होते, शहरात संशोधन करणारी महाविद्यालये होती. फॅक्टरी अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांची खबर डॉक्टरने देणे बंधनकारक होते अशा आजारांच्या यादीत, बिसिनोसिसचे नाव होते. त्याच यादीत व्यवसायजन्य कर्करोग आणि आयसोसायनेटची विषबाधाही होती. कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ च्या अनुसूचीत कामामुळे होणारा दमा होता. म्हणजे कायद्याला हे आजार ठाऊक आहेत. विखुरलेल्या शेडमधल्या दोन-चार सुतारांना तो कायदा ठाऊक नाही, आणि त्यांना तपासणाऱ्याला तो आठवत नाही, ही अडचण आहे. वणी आणि पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये रुई उडते तिथल्या मजुरांचेही हेच दुखणे, पण तो विषय या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा.

आता मास्क. मास्कला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. चांगला, नाकाला नीट बसणारा मास्क धुळीच्या कामात हवाच. पण त्याची जागा शेवटची आहे. दुपट्टा तोंडाला बांधला की मोठा कण अडतो, बारीक कण कापडातून आणि कडेने आत येतो. दाढी असली की चांगला मास्कही गळतो. आणि यवतमाळच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, टिनाखाली, घामाने भिजलेल्या तोंडावर तो मास्क आठ तास ठेवून जड फळी उचलायची, हे सांगणाऱ्याने एकदा कल्पना तरी करावी. २०१७ मध्येही तेच झाले होते : भादव्याच्या उकाड्यात प्लास्टिकचा कोट घालून फवारणी करा असे सांगणे सोपे होते. जी गोष्ट माणूस घालू शकत नाही तिच्यावर संरक्षणाची सगळी भिस्त ठेवली, की प्रत्यक्षात संरक्षण उरत नाही, उरतो तो फक्त आरोप. गंमत अशी की १९४८ च्या फॅक्टरी कायद्याला हे पक्के कळले होते. त्याचे कलम १४ सांगत असे की धूळ श्वासात जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय करावेत, आणि त्यासाठी हवा ओढून घेणारे साधन लागत असेल तर ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे, आणि उगमाची ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेल्या या वाक्यात आजच्या तंत्रज्ञानाला जोडण्यासारखे फारसे काही नाही.

मग ते होत का नाही? इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो मालकांचा आहे : चार माणसांची शेड, यंत्रे कर्जावर, त्यात धूळ ओढणारी यंत्रणा कुठून आणायची? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला कायद्याची भीती दाखवून उत्तर देता येत नाही, कारण मुळात कायदा त्या शेडपर्यंत पोचतच नाही. फॅक्टरी अधिनियम मूळ स्वरूपात विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असतील तर लागू होत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने कारखान्यासाठी तो उंबरठा २० वर नेला. जुन्या कायद्याच्या कलम ८५ ने राज्य सरकारला लहान जागाही कायद्याखाली आणण्याचा अधिकार दिला होता, पण अधिकार असणे आणि एका निरीक्षकाने जिल्हाभरच्या शेड पालथ्या घालणे यांत अंतर आहे. म्हणून पैशाचा मार्ग पकडावा असे मला वाटते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, सुतार त्यात आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, शिवाय विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्यात दोन लाख, ५ टक्के व्याजाने. या पैशातून यंत्र येते तेव्हाच धूळही येते. सँडर घेतला तर त्याला नळीने जोडायचा धूळओढक घेतलाच पाहिजे, अशी एक ओळ प्रशिक्षणात आणि कर्जाच्या कागदात घालायला फार मोठी क्रांती लागत नाही.

आणि सगळेच उपाय पैशाचे नाहीत. पिशवी भिंतीवर आपटायची नाही, झाकणाच्या पिंपात रिकामी करायची. ब्लोअर कपड्यांवर मारायचा नाही. झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायचे किंवा ओल्या फडक्याने पुसायचे. पॉलिश वेगळ्या उघड्या जागेत, वाऱ्याची दिशा पाहून करायचे, घासण्याच्या वेळेत नाही. थिनरचा डबा उघडा ठेवायचा नाही, त्याने हात धुवायचे नाहीत. एमडीएफची मोठी कापणी गिऱ्हाइकाच्या बंद खोलीत न करता दुकानात, ओढक लावलेल्या यंत्रावर करून आणायची. मोठ्या गिरणीत मात्र हातघाईचे उपाय पुरे पडत नाहीत. तिथे पात्याभोवती झाकण आणि त्याला जोडलेली ओढ हवी, आणि ती नुसता भिंतीतला पंखा लावून होत नाही. नळीतून भुसा वाहून न्यायला हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. तेवढा नसेल तर नळ्या तुंबतात आणि महिन्याभरात मालक म्हणतो, बघा, हे चालत नाही. नीट बसवली तर गोळा झालेला भुसा कोरडा आणि स्वच्छ मिळतो, त्याला भाव असतो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तालुक्याच्या ठिकाणी अनेक सुतारांनी मिळून वापरायची घासण्या-फवारण्याची एक सामाईक जागा उभी करता येईल का, याचाही विचार व्हावा. खर्च शून्य नाही, आणि शेवटी तो दिवाणाच्या किमतीत चढणारच. पण आजही तो कोणीतरी भरतोच आहे. फक्त तो बिलावर दिसत नाही.

बांधकामावर काम करणारे सुतार इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करू शकतात, मंडळ त्यांना सुरक्षा संचही देते. ही नोंदणी माझ्या दृष्टीने संचापेक्षा जास्त उपयोगाची आहे, कारण तिच्यातून कोण किती वर्षे हे काम करतो याची एक यादी तयार होते आणि त्या यादीवरून माणसे तपासता येतात. फुंकून मोजायचे स्पायरोमीटर फार महाग नसते. नाक-घसा तपासणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोजचे आहे. नवे एवढेच हवे की ग्रामीण रुग्णालयापासून यवतमाळच्या महाविद्यालयापर्यंत केसपेपरवर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : नेमके काम काय, किती वर्षे, आणि कोणता माल. एका बाजूचेच नाक महिनोन् महिने चोंदलेले, त्यातून अधूनमधून रक्त येते, वास कळेनासा झाला आहे, असे सांगत पन्नाशी उलटलेला माणूस आला तर ॲलर्जीची गोळी देऊन परत पाठवण्याआधी दुर्बिणीने आत पाहिले जावे, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर'ऐवजी 'सुतार, ३० वर्षे, साग आणि एमडीएफ, सँडरवर काम' असे लिहिलेले असावे.